आतल्या अंगाचं काम

फायबरच्या बोटी दुरुस्त करणाऱ्याला गॅरेजवाले आपल्यातला मानत नाहीत. डेंटर पत्रा ठोकून सरळ करतो, वेल्डर लोखंड जोडतो, पेंटरच्या हातात तर कलाच असते. आणि आम्ही म्हणजे रेझिनच्या डब्यात ब्रश बुडवून चिकटवाचिकटवी करणारे. मुंबईतल्या एका गॅरेजमध्ये हे मला तोंडावर ऐकवलं गेलं, तेव्हा मी गप्प बसलो. आता बोलायला हरकत नाही. अमेरिकेची सगळ्यात नावाजलेली स्पोर्ट्स कार, शेवरोले कॉर्व्हेट, ही पत्र्याची गाडीच नव्हे. १९५३ साली पहिली गाडी बाहेर पडली तेव्हापासून तिचं अंग काचेच्या धाग्याचं आणि रेझिनचं आहे. हातोडा बसला तर ते वाकत नाही, तडकतं. त्या गाडीला लागतो तो आमच्यासारखा माणूस.

माझी शेड करंजाला आहे. पनवेलहून उरण आणि उरणहून पुढे रस्ता संपेपर्यंत यायचं, म्हणजे करंजा. पाठीशी द्रोणागिरीचा डोंगर, समोर धरमतरच्या खाडीचं तोंड आणि पलीकडे रेवस. रेवसला जाणारा पूल होणार, होणार असं लहानपणापासून ऐकत आलो. आता त्याचं काम दिसायला लागलंय. वडील लाकडाच्या होड्यांचे सुतार होते. सागवान परवडेनासं झालं तसे नाखवा, म्हणजे होडीमालक, आधी लाकडी होडीवर फायबरचा लेप द्यायला लागले आणि मग अख्खी होडीच फायबरची मागायला लागले. वडिलांनी तो वास कधीच सहन केला नाही. मी मात्र त्यातच शिकलो आणि त्याच वासावर घर उभं केलं.

गाडी आमच्याकडे आली ती एका खलाशाच्या ओळखीने. आमच्या गावातली बरीच माणसं जहाजांवर होती. त्यांच्यातला एक जण ज्या चीफ इंजिनिअरच्या हाताखाली होता, त्याची ही गाडी. जहाजावर चीफ इंजिनिअरला बडासाब म्हणतात, म्हणून आम्हीही बडासाबच म्हणायचो. माणूस दादरचा, निवृत्त, वय पंच्याहत्तरीच्या पुढचं, बोलणं मोजकं. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "मिस्त्री, तुम्ही तडा आतून बांधता का बाहेरून?" मी म्हटलं, आतून. ते म्हणाले, "मग गाडी पाठवतो."

गाडी १९६९ची स्टिंगरे. मुंबईतल्या एका परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्याने आणलेली. त्या काळी असे लोक मायदेशी परत जाताना त्यांच्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या. तिथून ती एका कारखानदाराकडे गेली आणि ऐंशीच्या दशकात बडासाबांकडे आली. ते सहा-सहा महिने समुद्रावर असत आणि गाडी दादरच्या इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली. तेव्हा अनेकांनी त्यांना सल्ला दिला होता की हे साडेतीनशे क्युबिक इंचाचं, म्हणजे पाच पूर्णांक सात लिटरचं व्ही-एट इंजिन काढून टाका आणि मॅटाडोरचं डिझेल बसवा. मुंबईतल्या कितीतरी मोठ्या अमेरिकन गाड्यांचं तेच झालं. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं, लिटरला चार-पाच किलोमीटर देणारी गाडी कोण पोसणार? इंपाला, डॉज, प्लिमथ, सगळ्यांच्या पोटात डिझेल गेलं आणि त्या लग्नाच्या वरातीला भाड्याने लागल्या. बडासाबांनी इंजिन ठेवलं आणि गाडी चालवणं कमी केलं. जहाजावरच्या माणसाला इंजिनची अदलाबदल म्हणजे धर्म बदलल्यासारखं वाटतं.

अमेरिकन गाड्या आमच्या बाजूला नवख्या नाहीत, हे इथे सांगायला हवं. जनरल मोटर्सने शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना १९२८ साली सुरू केला. सुटे भाग पेट्यांतून बोटीने यायचे आणि शिवडीला शेवरोले बनून बाहेर पडायचे. आमचे एक चुलत आजोबा उरणच्या मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जायचे आणि तिथून शिवडीला कामावर. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरमध्ये १९४७ पासून डॉज आणि प्लिमथ जोडल्या जाऊ लागल्या. मग १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं की नुसती जोडणी करणाऱ्यांनी इथेच भाग बनवायचा कार्यक्रम द्यावा, नाहीतर बाहेर पडावं. जनरल मोटर्स १९५४ मध्ये बंद करून गेली. आजोबा घरी आले आणि परत जाळ्यावर बसले. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ला झालं, तो नेमका शिवडीहून निघतो आणि आमच्या चिर्ल्याला उतरतो. बडासाबांची गाडी टोइंगच्या फळीवर बांधून त्याच सेतूवरून आली. आजोबांना लाँच आणि पायपीट धरून अर्धा दिवस लागायचा ते अंतर तिने चहा गार व्हायच्या आत कापलं.

पण शिवडीला जोडल्या गेल्या त्या कुटुंबाच्या गाड्या, टॅक्स्या आणि ट्रक. दोन माणसांची, नाक लांब, बूड आखूड अशी गाडी तिथे कधी बनली नाही. कॉर्व्हेट तर आताआतापर्यंत उजव्या हाताच्या स्टेअरिंगची कंपनीने बनवलीच नव्हती. आपल्याकडच्या मोटार वाहन कायद्याच्या १२० कलमात डाव्या स्टेअरिंगच्या गाडीला चालू स्थितीतला सिग्नल देणारा साधनसंच हवा अशी अट आहे. बडासाब ते कलम पाठ म्हणून दाखवायचे, कारण हवालदाराला ते त्यांनी अनेकदा म्हणून दाखवलं होतं.

गाडी शेडमध्ये उतरली तेव्हा एप्रिल होता. बोटी अजून पाण्यात होत्या. एक जूनला मासेमारी बंद झाली की माझ्याकडे रांग लागते, त्याच्या आत काम आटोपायचं होतं. गावातली म्हातारी माणसं बघायला आली. एक म्हातारी चारही बाजूंनी फिरली, बोटाने अंगावर टकटक केलं आणि विचारती झाली, "ही गारी हाय का होरी?" मी म्हटलं, "दोन्ही." पोरांनी बडासाबांना त्या दिवसापासून नाखवा करून टाकलं.

खरं सांगायचं तर म्हातारीचा प्रश्न अडाणी नव्हता. या गाडीचं मूळ होडीच्या शेडमध्येच आहे. कॅलिफोर्नियात बिल ट्रिट नावाचा माणूस फायबरच्या बोटी बनवायचा, त्याच्या कंपनीचं नाव ग्लासपार. १९५१च्या सुमारास एका लष्करी अधिकाऱ्याने त्याच्याकडून बायकोच्या जीपसाठी स्पोर्ट्स कारचं फायबरचं अंग करून घेतलं. रेझिन बनवणाऱ्या कंपनीने त्या धर्तीची गाडी लोकांपुढे मिरवली, जनरल मोटर्सलाही दाखवली. तिथला मुख्य डिझायनर हार्ले अर्ल स्पोर्ट्स कारच्या मागे होताच. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात पांढरीशुभ्र कॉर्व्हेट लोकांसमोर उभी राहिली. पोलादाचे साचे बनवायला वेळ आणि पैसा अफाट लागतो, फायबरचा साचा पटकन होतो, हे फायबर निवडण्यामागचं कारण होतं. त्याच वर्षी ३० जूनला मिशिगनच्या फ्लिंटमध्ये पहिली विक्रीची गाडी तयार झाली आणि त्या वर्षात ३०० झाल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. हाताने थर देऊन केलेल्या. म्हणजे जगातल्या एवढ्या मोठ्या मोटार कंपनीने पहिल्या वर्षी जे काम केलं ते करंजाच्या शेडमध्ये चालतं तेच, फक्त त्यांच्याकडे छप्पर चांगलं होतं.

फोर्डची मस्टँग लोकांना जास्त ठाऊक आहे, सिनेमामुळे असेल. ती १९६४ची, पत्र्याची. चांगलीच गाडी आहे, पण आमच्या धंद्याची नाही.

बडासाबांच्या गाडीचा लाल रंग लांबून झकास दिसत होता. जवळ गेलं की पुढच्या चाकांच्या कमानींवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. नाकाचा डावा कोपरा फुगलेला. फायबर फुगलं की समजायचं, आत काहीतरी परकं आहे. चाक काढून आडवा झालो आणि बॅटरी मारली. पूर्वी कुणीतरी, कुठल्या गॅरेजचं नाव घेत नाही, तडकलेल्या जागेवर आतून पत्र्याची पट्टी लावून रिबिटं मारली होती आणि बाहेरून बोटभर जाडीची पुट्टी चोपडली होती. पत्रा गंजला, फुगला, त्याने काच आणखी फाडली. दादरची खारी हवा त्याला पोसतच होती. ज्याला पत्राच येतो तो फायबरलाही पत्रा लावतो.

त्या लांब लाल नाकाखाली मी जे पाहिलं ते गाडीच्या मालकाने तीस-चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. १९६९ येईपर्यंत कॉर्व्हेटची पॅनेलं हाताने थर देऊन करणं बंद झालं होतं. ओहायोतल्या अ‍ॅश्टाब्युला गावातली मोल्डेड फायबर ग्लास ही कंपनी दोन बाजूंच्या धातूच्या साच्यांत काचेचा धागा आणि रेझिन दाबून पॅनेलं बनवायची आणि ती सेंट लुईसच्या कारखान्यात जायची. आमच्या होडीला बाहेरचं अंग तुळतुळीत आणि आतलं खरखरीत. हिचं दोन्हीकडून गुळगुळीत. सेंट लुईसला दोन पॅनेलं कडेला कड लावून ठेवायचे, मागून तशाच फायबरची पट्टी चिकटवायचे आणि बाहेरचा सांधा भरून घासून टाकायचे. वर्षं गेली की तो सांधा रंगातून डोकं वर काढतो, मडगार्डवर एक बारीकशी रेघ दिसते. गाडी विकत घेणाऱ्याला ती खोड वाटते. मला ती रेघ पाहून बरं वाटलं. सांधा जागेवर आहे, म्हणजे पॅनेल मूळचं आहे.

हे मूळचं असणं बडासाबांच्या दृष्टीने फार महत्त्वाचं होतं. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदवणाऱ्यांना 'व्हीए' ही अक्षरं असलेला क्रमांक मिळतो, नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षांची. पण अट अशी की चासी, अंगाचा सांगाडा किंवा इंजिन यात बदल करून गाडीचं रूप पालटलेलं नसावं. राज्याने नेमलेली समिती गाडी तपासते. पत्र्याच्या पट्ट्या आणि रिबिटं घेऊन समितीपुढे उभं राहायला बडासाब तयार नव्हते. डिझेल बसवलं असतं तर विषयच मिटला होता. "तेव्हा सगळे मला हसले," एवढंच ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

पहिलं काम रंग उतरवणं. पत्र्याच्या गाडीला पेंट रिमूव्हर लावून पटकन मोकळं होता येतं. इथे तसलं तीव्र रसायन लावलं तर रंगाबरोबर रेझिनही खातं. म्हणून पॉलिश पेपर आणि हात. पोरं अंगाला पावडर फासून बसली, कारण काचेची धूळ एकदा कातडीत शिरली की दोन दिवस झोप नसते. घासताना लाल गेला, खाली पांढरा निघाला, पांढऱ्याखाली निळा. गर्द, चमकदार निळा. मी काम थांबवलं आणि फोन केला.

बडासाब दुसऱ्या दिवशी पत्नीला, म्हणजे काकूंना, घेऊन आले. दाराच्या बिजागरीजवळच्या पट्टीवरचा रंगाचा क्रमांक त्यांनी आणलेल्या तक्त्याशी ताडून पाहिला: ल मान्स ब्लू. १९६९ला कॉर्व्हेट ज्या रंगांत मिळायची त्यातला एक. म्हणजे कारखान्यातून ही निळी निघाली होती. लाल तिला कुणी केली, कारखानदाराने की त्याच्याही आधी कुणी, ते कळायला मार्ग नव्हता. आता प्रश्न असा की रंगवायची कशी? जुन्या गाड्यांच्या शौकिनांना विचाराल तर दहातले नऊ निळा सांगतील. मूळ तेच खरं, हा त्यांचा बाणा.

बडासाबही निळ्याकडे झुकले होते. काकू शेडच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "मी काय निळ्या गाडीत बसून आले होते का पुण्याला?" मग त्यांनी एक एक सांगायला घेतलं. गाडी इतकी खाली की बसताना नऊवारी असो की पाचवारी, पदर दारात अडकायचाच. इंजिनची धग पायाला लागायची. मागे डिकी नावाचा प्रकारच नाही. त्या मॉडेलला बाहेरून उघडणारी डिकी नसते, सामान सीटच्या मागून आत कोंबायचं. खोपोलीला सगळं सामान बाहेर काढून छत्री शोधावी लागली आणि तोवर त्या भिजून गेल्या, कारण छताचे दोन्ही तुकडे काढून ह्यांनी घरी ठेवले होते. "एवढा मनस्ताप झाला तो लाल गाडीत झालाय," त्या म्हणाल्या.

मी यात पडायला नको होतं, पण पडलो. आमच्याकडे होडी दरवर्षी रंगते. पहिल्या वर्षी कुठला रंग होता हे नाखव्यालाही आठवत नाही, पण होडी तीच असते. तिचा सांगाडा, तिची लांबी, ती लाटेवर कशी बसते हे होडी हाकणाऱ्या तांडेलाला झोपेत ठाऊक असतं. नियमात चासी, अंग, इंजिन म्हटलंय, रंग म्हटलेलं नाही. लाल करू या, आणि बॉनेटच्या खाली, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे हाताएवढा तुकडा मूळ निळ्याचा तसाच ठेवू. बडासाबांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. गाडी लाल झाली.

त्याआधी मात्र अंग उतरवायचं होतं. फायबर गंजत नाही, पण या गाडीत काच धरून ठेवणारा आतला पोलादी पिंजरा आणि खालची चासी गंजते, आणि गंजते ती लपून. अंगाखालून ओलावा जातो, बाहेरून सगळं ठीक दिसतं. काच आणि दारांभोवतीच्या त्या सांगाड्याला अमेरिकेत पक्ष्याचा पिंजराच म्हणतात. जुनी कॉर्व्हेट घेणारा जाणता माणूस रंग बघत नाही, आधी तिथे बोट घालतो. आम्ही बोटीचं इंजिन उचलायच्या चेन पुलीला पट्टे बांधून अंग वर घेतलं, खाली सहा माणसं धरायला. चासी डाव्या बाजूला मागच्या वळणापाशी खाल्लेली निघाली. ट्रॉलरची कामं करणाऱ्या वेल्डरकडून ती सरळ केली, शेडच्या बाहेर, रेझिनपासून लांब. रेझिनची वाफ आणि वेल्डिंगची ठिणगी एका छपराखाली आणणारा माणूस या धंद्यात म्हातारा होत नाही.

मग माझं काम. तडा बांधायची रीत सगळीकडे सारखी. पत्रा, रिबिटं, पुट्टी सगळं काढून निखळ फायबर लागेपर्यंत मागे जायचं. मग आतल्या बाजूने तड्याभोवती उतार घासायचा, जाडीच्या बारापट. होडीला तो उतार हातभर होतो. इथे पॅनेल जेमतेम तीन मिलिमीटर, म्हणजे उतार साडेतीन सेंटिमीटर, आणि ग्राइंडर जरा दाबला की आरपार. होडीला आम्ही काचेच्या मॅटवर रोव्हिंग, म्हणजे काचेचं जाड विणीचं कापड, घालतो. गाडीला ते चालत नाही, चार महिन्यांच्या उन्हात त्याची वीण रंगावर उमटते. म्हणून बारीक मॅट, लहान-मोठे तुकडे, सगळ्यात मोठा आधी. हार्डनर शेकडा एक, कारण एप्रिलच्या दुपारी दीड घातलं तर रोलर फिरवायच्या आत डबा तापून धूर सोडतो. सकाळी सात ते दहा एवढाच वेळ कामाचा. १९७३ नंतर कॉर्व्हेटच्या पॅनेलची बनावट बदलत गेली, त्यांना आमचं साधं पॉलिस्टर धरत नाही. ही गाडी चार वर्षं आधी जन्माला आली हे आमचं नशीब.

डाव्या दाराच्या आतलं आवरण काढलं तेव्हा मेणखडूने लिहिलेला एक आकडा सापडला. मोठा, वाकडा, घाईचा. सेंट लुईसमध्ये कुण्या कामगाराने कुठलं दार कुठल्या गाडीचं हे ओळखायला लिहिलेला. माझी पोरंही होडीच्या आत पहिल्या थरावर मार्करने आकडे टाकतात, नाखव्याचं नाव टाकतात, कधी कधी नको तेही टाकतात, मग वर मॅट बसते आणि ते कायमचं आत राहतं. त्या दारात माझं काहीच काम नव्हतं. आवरण होतं तसं परत लावलं. बडासाबांना दाखवलं तेव्हा त्यांनी खिशातून भिंग काढून तो आकडा पाहिला. फोटो काढायचा म्हणाले आणि मग काढलाच नाही.

कॉर्व्हेटच्या लोकांनी जुन्याचं काय करायचं हा प्रश्न फार मोठ्या तऱ्हेने सोडवलाय. अमेरिकेत केंटकीतल्या बोलिंग ग्रीन गावात कॉर्व्हेटचं संग्रहालय आहे. १२ फेब्रुवारी २०१४च्या पहाटे तिथल्या घुमटाखालची जमीन खचली आणि आठ गाड्या खड्ड्यात गेल्या. चुनखडीचा प्रदेश, खाली पोकळी. सगळ्या वर काढल्या. त्यातल्या तीन दुरुस्त केल्या. पाच मात्र तशाच ठेवल्या, चेपलेल्या, फाटलेल्या, माती लागलेल्या, आणि लोक त्या बघायला जास्त गर्दी करतात. मला हा निर्णय अर्धाच पटतो. फाटलेली गाडी ठेवायची तर ठेवा, पण मग ती गाडी नव्हे, अपघाताची आठवण. आमच्याकडे वादळात फुटलेली होडी कुणी किनाऱ्यावर शोभेला ठेवत नाही. तिचं सामान दुसऱ्या होडीला लागतं. उलट ज्या तीन दुरुस्त केल्या त्यांच्या आतून ठिगळ कुठे, नवं कुठे, हे लिहून ठेवलं असेल तर तो खरा दस्तऐवज. म्हणूनच मी बडासाबांच्या गाडीच्या नाकाला आतून रंग दिला नाही. माझी पट्टी कुठे सुरू होते आणि अ‍ॅश्टाब्युलाची कुठे संपते हे पुढे जो कुणी आडवा होऊन बॅटरी मारेल त्याला दिसावं.

वायरिंगची गंमत वेगळीच. उरणचा एक नामी ऑटो इलेक्ट्रिशियन आला. सगळे दिवे जोडून दिले, एकही लागेना. तो अर्थिंग शोधत होता अंगात, पत्र्याच्या गाडीत सवय असते तशी. फायबरमधून वीज परत जात नाही. गंमत म्हणजे १९५३च्या पहिल्या गाड्या जोडताना खुद्द फ्लिंटमध्ये हीच अडचण आली होती, वेगळ्या अर्थिंगच्या वायरी टाकेपर्यंत. शेवटी बोटींची वायरिंग करणाऱ्या आमच्या पोराने काम मिटवलं. त्याला परतीची वायर वेगळी ओढायची हे सांगावं लागत नाही. त्या गाडीत आणखी एक करामत आहे. पुढच्या-मागच्या दिव्यांपासून काचेच्या बारीक तंतूंची दोरी दोन सीटांमधल्या कन्सोलपर्यंत आलेली असते. दिवा लागला की त्याचाच प्रकाश तंतूतून येऊन तिथे ठिपका उजळतो, म्हणजे चालकाला खाली न उतरता कळतं. १९६८ ते १९७१ एवढीच वर्षं कंपनीने ती करामत दिली. एक ठिपका सोडून बाकीचे उजळले. त्या एकाचा तंतू कुठेतरी तुटलाय, तो आम्ही तसाच ठेवला. त्याला हात घालायची माझी हिंमत नाही आणि बडासाबांचीही नव्हती.

मे संपता संपता पहाटे द्रोणागिरी नोडच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर गाडी फिरवली. दिवस उजाडला की तिथे कंटेनरचे ट्रेलर सुरू होतात, मग त्या जमिनीला चिकटून चालणाऱ्या गाडीची ट्रेलरच्या चाकाएवढीच उंची. बडासाब चालवत होते, मी उजवीकडे, जिथे आपल्याकडे चालक बसतो तिथे, हात कुठे ठेवावेत हे न कळून. त्यांनी दाबली फक्त एकदा, बेलापूरच्या दिशेने सरळ रस्ता लागला तेव्हा. मान सीटला लागली. पुढे बॉनेट एवढं लांब की रस्ता दिसतो तो मडगार्डच्या दोन उंचवट्यांमधून. मी तेव्हा आनंद-बिनंद काही अनुभवला नाही. माझं सगळं लक्ष नाकाच्या डाव्या कोपऱ्याकडे होतं, कंपनाने सांधा उघडतो का ते ऐकत होतो. उघडला नाही.

हिशेबाच्या वेळी भांडण झालं, ते मात्र उलट्या बाजूने. बोटीचं काम आम्ही किलोवर घेतो. किती रेझिन, किती मॅट गेली त्याचं वजन, त्यावर दर. गाडीला लागलं ते एका लहान होडीच्या वल्ह्याइतकंच. त्यात घासकामाची मजुरी वेगळी धरून मी आकडा दिला. बडासाब चिडले. म्हणाले, मुंबईत एकाने फक्त नाकाचे याच्या पाचपट सांगितले होते, तुम्ही मला गरीब समजता का? मी म्हटलं, साहेब, दर वाढवून सांगितला तर उद्या नाखवा लोक माझ्या दारात उभे राहतील, गाडीवाल्याला एक भाव आणि आम्हाला एक का म्हणून. ते म्हणाले, "त्यांना सांगा, गाडीवाल्याकडून जास्त घेतले." काकू गाडीत बसून, पदर सावरून, हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी पर्समधून पाकीट काढून माझ्या पोराच्या हातात दिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, आता चला, एक तारखेपासून यांच्याकडे होड्या येणार आहेत.

पाकिटात मी सांगितलेल्या रकमेच्या दुप्पट होते. त्यातून दोन नवीन रोलर घेतले आणि शेडचा पश्चिमेकडचा पत्रा बदलला.